रात्री अकरानंतरचं शहर



या स्मृतिव्याख्यानासाठी मी विषय कळवला तेव्हा संयोजकांचा फोन आला. ‘परदेशातील अपंगांच्या सोयी’ असं छापलं तर चालेल का, असं त्यांनी अदबीनं विचारलं. ‘नाइटलाइफ’ हा शब्द सरांच्या स्मृतिव्याख्यानाच्या पत्रिकेवर जरा कसासाच दिसेल, ही त्यांची अडचण मला कळत होती. पण रात्री साडेनऊच्या प्रयोगासाठी तालुक्याच्या गावी सायकल मारत जाणारे आणि पहाटे परतणारे सर तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलेत. त्यांना विषय चालला असता, असं मी धरून चालते. आणि नाइटलाइफ म्हणजे काही फक्त बाटली आणि झगमगते दिवे नव्हेत. गणपतीत मध्यरात्रीपर्यंत देखावे बघत हिंडणं, कोजागिरीला कुणाच्या तरी गच्चीवर जमणं, नाटक सुटल्यावर टपरीवर उभ्या उभ्या चहा पीत नटांची खरडपट्टी काढणं, हे आपलं नाइटलाइफच आहे. त्यात चाकाची खुर्ची तुम्हाला कितीदा दिसली, तेवढं आठवून बघा आणि मग माझ्याबरोबर लंडनला चला.

मी वास्तुरचनाकार आहे. चोविसाव्या वर्षी झालेल्या अपघातापासून खुर्चीवर आहे आणि त्यानंतरचं आयुष्य बहुतेक लंडनमध्ये गेलं. माणसं इमारतीत आत कशी येतील आणि आग लागली तर बाहेर कशी पडतील, या दोन प्रश्नांवर माझं पोट चालतं. त्यामुळे आज मी बोलणार ते निम्मं धंद्यातलं आणि निम्मं अंगावरचं आहे.

आपल्याकडे खुर्चीवरच्या आयुष्याबद्दल मराठीत लिहिलं गेलं नाही असं नाही. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ या सभागृहातल्या बऱ्याच जणांनी वाचलं असेल. त्या पिढीनं शिक्षण, नोकरी, वसतिगृह, उपचार यांसाठी रक्त आटवलं. ते आधी मागणं भागच होतं. पण त्यामुळे एक समजूत घट्ट बसली, की अपंग माणसाला जे द्यायचं ते गरजेपुरतं. दवाखान्याला रॅम्प हवा, हे कुणालाही पटतं. बारला रॅम्प हवा म्हटलं की समोरचा हसतो. माझं म्हणणं असं आहे, की शहर अपंगाला रुग्ण समजतं की नागरिक, हे त्याच्या इस्पितळावरून कळत नाही. ते रात्री अकरानंतर कळतं.

अपंग हा नागरिक आहे, हे इंग्लंडमध्ये ठणकावून सांगितलं तेही रात्रीच्या रंगमंचावरच्या माणसांनी. बार्बरा लिसिकी ही विनोदी एकपात्री करणारी, अ‍ॅलन होल्ड्सवर्थ हा गाणारा. दोघं अपंग. १९८९ मध्ये कॅबरेच्या कार्यक्रमात त्यांची ओळख झाली. तेव्हा आयटीव्ही वाहिनीवर ‘टेलिथॉन’ नावाचा दानधर्माचा अवाढव्य कार्यक्रम व्हायचा. तारे-तारका यायचे, अपंग मुलांची करुण चित्रफीत दाखवायची, प्रेक्षकांनी डोळे पुसत पैसे पाठवायचे. १९९० आणि १९९२ मध्ये या दोघांनी आणि त्यांच्या साथीदारांनी स्टुडिओबाहेर निदर्शनं केली. टी-शर्टवर छापलेली घोषणा या व्यासपीठावरून उच्चारता येण्याजोगी नाही. दयेचं काय करावं, ते तिच्यात तीन शब्दांत सांगितलं होतं. १९९२ नंतर टेलिथॉन झाला नाही. पुढे ही माणसं बेड्यांनी स्वतःला बसला जखडून रस्ते अडवायला लागली, आणि १९९५ मध्ये अपंगांविरुद्धच्या भेदभावाला बंदी करणारा कायदा आला. पण जिने, दारं, उंबरठे यांत फेरबदल करण्याची दुकानं-हॉटेलांवरची जबाबदारी लागू व्हायला २००४ चा ऑक्टोबर उजाडला. आता हे सगळं २०१० च्या समानता कायद्यात आहे.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, कायदा आहे म्हणजे काम झालं. नाही हो. कायदा म्हणतो, ‘वाजवी’ फेरबदल करा. वाजवी म्हणजे किती, ते ठरवायला अपंग माणसानं स्वतः दिवाणी न्यायालयात जायचं. स्वयंपाकघरात झुरळ निघालं तर तपासायला निरीक्षक येतो. दारात पायरी निघाली तर कुणी येत नाही. उपाहारगृहानं मला आत घेतलं नाही, तर वकील मी गाठायचा, पुरावे मी गोळा करायचे, आणि जिंकले तरी फार तर त्या एका दाराची पायरी जाणार. शेजारचं दार तसंच. २०१६ मध्ये लॉर्ड्स सभागृहाच्या समितीनं शिफारस केली, की समानता कायदा न पाळणाऱ्याला दारूचा परवाना नाकारता आला पाहिजे. सरकारनं ती मानली नाही. स्कॉटलंडनं मात्र निदान अर्धं पाऊल टाकलं. तिथे मार्च २०१८ पासून नव्या परवान्यासाठी अर्ज करताना आपल्या जागेत अपंगांना कसं येता येईल, काय सोयी आहेत, याचं निवेदन जोडावंच लागतं. सोयी नसल्या तरी परवाना अडत नाही, पण ‘नाहीत’ असं स्वतःच्या सहीनं लिहून द्यावं लागतं. मालकाला एकदा टेप घेऊन दार मोजायला लावणं, हीसुद्धा कमी गोष्ट नाही.

आता शुक्रवारची रात्र घेऊ. मित्रमंडळी सोहोमध्ये जमणार आहेत. सोहो म्हणजे लंडनच्या रात्रीचं पोट. आजूबाजूला तीन मोठी स्थानकं: लेस्टर स्क्वेअर, पिकॅडिली सर्कस, ऑक्सफर्ड सर्कस. तिन्हीपैकी एकाही ठिकाणी खुर्चीवरून फलाटापर्यंत जाता येत नाही. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ ची, तिच्या २७२ स्थानकांपैकी जेमतेम एक तृतीयांश पायऱ्यांवाचून गाठता येतात. एलिझाबेथ लाइन मे २०२२ मध्ये सुरू झाली, तिची सगळी स्थानकं तशी आहेत, आणि तिच्या कामामुळे टॉटनहॅम कोर्ट रोड हे सोहोच्या कडेचं स्थानक माझ्यासाठी उघडलं. तिथून खडबडीत फरसबंदीवरून खुर्ची हाकत जायचं. २०१६ च्या ऑगस्टपासून शुक्रवार-शनिवारी काही मार्गांवर रात्रभर गाड्या धावतात, मोठी सोय आहे. पण एलिझाबेथ लाइन, जी पूर्ण माझी, ती रात्रभर धावत नाही. आणि लिफ्ट नादुरुस्त असेल तर त्या वेळी धावत येऊन मदत करणारं स्थानकावर फारसं कुणी नसतं.

उरते बस. लंडनच्या बसला मी कधी नावं ठेवणार नाही. सगळ्या बस खालच्या फरशीच्या, मधल्या दारातून रॅम्प आपोआप बाहेर येतो. खुर्चीची जागा मात्र एका बसमध्ये एकच, आणि तिथे बहुधा बाबागाडी असते. २०१२ मध्ये डग पॉली हे गृहस्थ वेदरबीहून लीड्सला निघाले होते. त्या जागेत झोपलेल्या बाळाची बाबागाडी होती, आईनं ती हलवायला नकार दिला, चालकानं खांदे उडवले. पॉली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २०१७ मध्ये निकाल लागला, की चालकानं नुसती विनंती करून गप्प बसणं पुरेसं नाही. एका बसमधल्या एका जागेसाठी पाच वर्षं. निकाल चांगला आहे, पण रात्री एकच्या बसमध्ये त्या जागेवर चार तर्र तरुण आणि त्यांचे पिझ्झाचे खोके असतात. त्यांना निकालाचा परिच्छेद वाचून दाखवण्याची वेळ ती नसते. मग काळी टॅक्सी. २००० सालापासून लंडनची प्रत्येक काळी टॅक्सी खुर्ची आत घेते, जादा पैसे मागणं गुन्हा आहे. भाडं ऐकून मात्र आपल्या रिक्षावाल्यांबद्दल प्रेम दाटून येतं.

आलो क्लबच्या दारात. आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण माझ्या धंद्याचा आणि माझ्या करमणुकीचा झगडा इथे होतो. सोहोतल्या निम्म्या जागा तळघरात. दारावर बलदंड रक्षक. तो माझ्याकडे बघत नाही, माझ्या मैत्रिणीला सांगतो, “हिला आत नाही घेता येणार. आग लागली तर?” हे वाक्य मी अनेक दारांवर ऐकलंय. ते इतक्या काळजीच्या सुरात येतं, की वाद घालणारा माणूसच बेजबाबदार वाटावा. प्रत्यक्षात इंग्लंडचा २००५ चा अग्निसुरक्षा आदेश उलटं सांगतो. आत असलेल्या प्रत्येकाला बाहेर कसं काढायचं, त्याची योजना जागेच्या चालकानं करायची. दार लावून घेणं ही योजना नव्हे. उपाय काय असतो? जिन्याच्या कडेला आगीपासून काही काळ बचाव करणारी जागा, तिथे बोलण्यासाठी यंत्र, घसरत खाली किंवा वर नेता येणारी खास खुर्ची आणि ती वापरायला शिकलेली दोन माणसं. हे सगळं मी कागदावर रोज आखते. आणि शुक्रवारी रात्री क्लबवाले मलाच आगीची भीती घालतात. गंमत म्हणजे त्याच तळघरात मर्यादेपेक्षा जास्त गर्दी कोंबली तर ती भीती कुणाला वाटत नाही. नशेत जिन्यावर झोपलेला इसम आगीत अडथळा होत नाही, मी होते.

कधी कधी आत घेतात. पण कसं? मागच्या गल्लीतून, कचऱ्याच्या डब्यांमधून, बिअरची पिंपं उतरवायच्या लिफ्टनं, स्वयंपाकघरातून. तळणीचा वास अंगाला घेऊन, आचाऱ्यांना ‘सॉरी सॉरी’ म्हणत मी नाचायच्या जागी पोहोचते. सगळे मोठ्या प्रेमानं म्हणतात, बघ, जमलं की नाही! मागच्या दारानं आत घेण्याचा अर्थ काय असतो, ते महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

आत गेल्यावरचं सांगते. बारचा कठडा साधारण एक मीटर दहा सेंटिमीटर उंच असतो. माझी नजर त्याच्या जेमतेम वर. पलीकडच्याला मी दिसतच नाही. त्यामुळे मी पैसे देते आणि ग्लास मैत्रीण आणते. नियमावलीत कठड्याचा एक भाग खाली घ्यावा असं आहे. बऱ्याच ठिकाणी तो घेतलेलाही असतो, आणि त्यावर टिशू पेपर, लिंबांची टोपली आणि कार्डयंत्र मांडलेलं असतं. बसायला उंच टेबलं, त्यांना उंच स्टुलं. मग लोक. खुर्चीवरची बाई रात्री बाहेर दिसली, की पिणाऱ्या माणसाचं अंतःकरण भरून येतं. कुणी डोक्यावर हात फिरवतो, कुणी म्हणतो, ‘तू किती धीराची!’ मी फक्त जिन आणि टॉनिक मागवलेलं असतं. विचारल्याशिवाय खुर्ची ढकलणारे तर असतातच. आपण सारवासारव करून म्हणतो, हेतू चांगला असतो. असतो. पण कुणाच्या तरी कमरेला धरून त्याला खोलीभर फिरवण्याचा हेतू चांगला असला म्हणून कुणी ते खपवून घेत नाही.

संगीताच्या जलशांत मात्र गेल्या पंचवीस वर्षांत खरा फरक पडला. सुझान बुल यांनी २००० मध्ये ‘अ‍ॅटिट्यूड इज एव्हरीथिंग’ ही संस्था सुरू केली. त्या स्वतः अपंग, आणि संगीताच्या वेड्या. संस्था सभागृहांना आणि महोत्सवांना शिकवते, की उंच मचाण कुठे बांधायचं, तिकीट विकताना काय सांगायचं. मचाणावरून रंगमंच दिसतो, हे मोठंच सुख. फक्त तिथे बरोबर एकच सोबती चालतो. पाच मैत्रिणी आल्या तर चारजणी खाली.

आणि आता संडास. ज्येष्ठांनी क्षमा करावी, पण या विषयावरचं प्रत्येक भाषण शेवटी इथेच येतं. रात्र किती वाजेपर्यंत चालणार, ते माझ्या बाबतीत गाणं वाजवणारा ठरवत नाही, संडास ठरवतो. मार्गदर्शक नियमांतली किमान खोली दीड मीटर बाय दोन मीटर वीस सेंटिमीटर. दार उघडलं की आत बाळांच्या उंच खुर्च्या, पोछ्याची बादली आणि नाताळचं झाड. झाड मेमध्येसुद्धा असतं. काही क्लब तिथे नशेची देवघेव होते म्हणून दाराला कुलूप घालतात आणि किल्ली व्यवस्थापकाकडे असते. व्यवस्थापक त्या वेळी कुठे असतो, ते देवाला माहीत. यावर इंग्लंडनं १९८१ मध्ये एक छान तोडगा काढला: सबंध देशात हजारो अपंग-संडासांना एकच कुलूप, त्याची किल्ली अपंगांच्या खिशात. माझ्या पर्समध्ये ती घराच्या किल्लीच्या शेजारी असते.

आत एक लाल दोरी असते. पडलात तर ओढायची, बाहेर घंटा वाजते. म्हणून ती जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर यायला हवी. तिला खाली आणि वर अशा दोन लाल त्रिकोणी कड्या असतात. सफाई करणाऱ्याला फरशी पुसताना ती आडवी येते. तो ती वर गुंडाळतो, कठड्याला छान गाठ मारतो. पडलेल्या माणसाला ती दिसते, हाती लागत नाही. स्कॉटलंडमधल्या ‘यूअन्स गाइड’ या जागांची माहिती देणाऱ्या उपक्रमानं यासाठी छोटी कार्डं काढली. दोरी सोडा, कार्ड अडकवा, दोरी जमिनीपर्यंत का हवी ते त्यावर लिहिलेलं असतं. मी गाठ सोडण्यात आता तरबेज झाले आहे. लक्षात घ्या, इथे कायदा आहे, नकाशा आहे, पैसा खर्च झालेला आहे, आणि सगळं एका गाठीत अडकलेलं आहे.

हॉटेलांची कथा याहून शांत, पण जास्त खर्चिक. ब्लूम्सबरी किंवा पॅडिंग्टनच्या परिसरात जुन्या घरांच्या रांगा आहेत. खाली नोकरांचं तळघर, म्हणून मुख्य दार रस्त्यापासून चार-सहा पायऱ्या वर. त्यातली दोन-तीन घरं आतून जोडून हॉटेल केलेलं. दोन घरांच्या फरशा एका पातळीत नसतात, म्हणून मजल्यामजल्यावर एखादी पायरी. पुढून वारसा इमारत, हात लावायचा नाही. फोनवरचा संवाद असा:

“तुमच्याकडे व्हीलचेअर येते ना?”

“हो, अगदी आरामात.”

“दाराशी पायरी?”

“एकच आहे.”

“मग आरामात कशी?”

“आमचा मुलगा उचलेल ना तुम्हाला.”

तो मुलगा आपल्याकडच्या लॉजवरही आहे, लंडनमध्येही आहे. जगभर भेटतो. दीडशे किलोची विजेची खुर्ची त्यानं कधी पाहिलेली नसते. म्हणून मी आता ‘सोय आहे का’ असं विचारतच नाही. दार किती सेंटिमीटर, पलंगाची उंची किती, पलंगाखाली माणसाला उचलणाऱ्या यंत्राचे पाय सरकायला मोकळी जागा आहे की खोका, नाहणीघरात उंबरा आहे की फरशी सपाट, असं विचारते. बोलणारा वैतागतो, पण मोजायला जातो. आणि एक कटू निर्णय सांगून टाकते: मला ‘घरगुती जिव्हाळ्याचं’ जुनं हॉटेल नको, हमरस्त्यावरचं रुक्ष साखळी हॉटेल हवं. तिथे हसू कमी असतं, पण दार नव्वद सेंटिमीटर असतं.

इंग्लंडच्या बांधकाम नियमांत नव्या हॉटेलात दर वीस खोल्यांमागे एक खुर्चीस्नेही खोली हवी. खोली असते. ती तुम्हालाच मिळेल, याची खात्री नसते. आरक्षणात ‘विनंती’ नोंदवली जाते, आणि तुम्ही रात्री पोहोचता तेव्हा ती दुसऱ्या कुणाला दिलेली असते, कारण ती मोठी आहे. इथे अमेरिकेचं कौतुक केलं पाहिजे. तिथल्या १९९० च्या अपंग हक्क कायद्याखालचे आरक्षणाचे नियम मार्च २०१२ पासून लागू आहेत. त्यानुसार त्या प्रकारच्या बाकीच्या खोल्या संपेपर्यंत ही खोली राखून ठेवायची, आरक्षण झालं की तीच खोली द्यायची, आणि आत नेमकं काय आहे ते आधी सांगायचं. नियम साधा आहे, सिमेंटची एक गोणीही लागत नाही.

आणखी एक तक्रार सौंदर्याची. अशा खोल्या बहुधा इस्पितळासारख्या दिसतात. पांढरे दांडे, प्लास्टिकचं आसन, खिडकीबाहेर वातानुकूलन यंत्रांची भिंत. मँचेस्टरमध्ये २०२० मध्ये ‘हॉटेल ब्रुकलिन’ उघडलं. ते काढणाऱ्यांतले रॉबिन शेपर्ड यांना गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हा आजार झाला होता. पुणेकरांना २०२५ च्या जानेवारीपासून जीबीएस हा शब्द पाठ आहे. शेपर्ड कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते, आणि बरे झाल्यावर हॉटेलवाल्याच्या नजरेनं त्यांनी प्रश्न विचारला, की या खोल्या इतक्या कुरूप का? ब्रुकलिनच्या अठरा खोल्यांत आधाराचे दांडे टॉवेलच्या दांड्यांसारखे दिसतात, काही ठिकाणी माणसाला उचलणारं यंत्र छतात दडवलेलं आहे. धडधाकट पाहुण्यांना कळतही नाही, की आपण ‘त्या’ खोलीत उतरलो.

आता आपलं. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी मुंबईत आले, एकोणसाठावा वाढदिवस त्यांनी इथेच साजरा केला. मग दिल्लीत अपंग हक्कांचे कार्यकर्ते जावेद अबिदींनी पाठपुरावा केला आणि कुतुबमिनारसारख्या वास्तूंना घाईघाईनं लाकडी रॅम्प लागले. पाहुणा थोर असला की एका रात्रीत होतं, याचा तो सरकारी पुरावाच. त्यानंतर आपल्याकडे २०१६ चा अपंग हक्क कायदा आला, चांगला कायदा आहे. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करा म्हणाला, मुदत २०२२ मध्ये उलटून गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सरकारला सुनावलं, की सुगमतेचे निकष शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, किमान निकष सक्तीचे करा. गोव्यात जानेवारी २०२३ पासून पर्पल फेस्ट हा अपंगांचा महोत्सव भरतो, पणजीत त्या दिवसांत रॅम्पच रॅम्प दिसतात. मग उरलेल्या वर्षाचं काय? समुद्रावरच्या शॅकना परवाना पर्यटन खातं देतं. महाराष्ट्रात परमिट रूमचा परवाना उत्पादन शुल्क विभाग देतो आणि तो दरवर्षी नव्यानं घ्यावा लागतो. त्या अर्जात स्कॉटलंडसारखा एक रकाना वाढवायला किती खर्च येईल? दाराची रुंदी, पायऱ्यांची संख्या, संडास कसा, आणि खाली मालकाची सही.

ते सरकारकडे मागूच. तुमच्याकडे मागणं त्याहून लहान आहे. लग्नाचं कार्यालय, सहलीचं हॉटेल, साठीच्या जेवणाचा हॉल ठरवताना फोनवर विचारा, व्हीलचेअर दारातून आत येते का आणि संडासापर्यंत जाते का. तुमच्यात खुर्चीवरचं कुणी नसलं तरी विचारा. ‘या तुम्ही, करू काहीतरी’ हे उत्तर घेऊ नका. सेंटिमीटरमध्ये सांगा म्हणावं.